कोलोकेशनची वही : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आजपासून वहीचे काम सुरू. वही म्हणते आहे, पण ती स्प्रेडशीट आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि बोलणे या दोन्हींना चार-चार निकषांवर गुण देतात आणि चारही निकषांचे वजन सारखे असते. म्हणजे शब्दसंपदेच्या वाट्याला पाव हिस्सा. लेखनाच्या निकषांत बँड सातच्या, म्हणजे सातव्या गुणपातळीच्या, वर्णनापाशी पोचले की तिथे 'कोलोकेशन' हा शब्द स्पष्टच लिहिलेला आहे : कोणता शब्द कोणाबरोबर चालतो याची जाण दिसली पाहिजे. अवघड, भारदस्त शब्द जमवण्यापेक्षा ओळखीचे शब्द योग्य जोडीने वापरणे मला जास्त मोलाचे वाटते, म्हणून यापुढे मुख्य वेळ याच कामाला.

तयार याद्या बाजूला ठेवल्या. त्यांत 'मेक'खाली नामांची एक लांबलचक रांग असते, 'डू'खाली दुसरी, 'टेक'खाली तिसरी. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, निबंध लिहायला बसले की त्यातले काही हाताशी येत नाही. लिहिताना डोक्यात आधी येते ते नाम : समस्या, पुरावा, निर्णय, जबाबदारी. क्रियापद शोधायची वेळ त्यानंतर येते. म्हणून या वहीत शिरायचे दार नाम हेच.

१५ जानेवारी

रकाने ठरले. पहिल्यात नाम, दुसऱ्यात मराठीतला आशय, तिसऱ्यात आर्टिकल आणि प्रिपोझिशनसकट पूर्ण जोडी, चौथ्यात माझे स्वतःचे वाक्य, पाचव्यात ती लेखनातली आहे की बोलण्यातली.

तिसऱ्या रकान्याबाबत तडजोड नाही. 'इम्पॅक्ट' एवढेच लिहून ठेवले तर परीक्षेत 'ऑन' आठवेलच असे नाही. 'हॅव अ‍ॅन इम्पॅक्ट ऑन' असे सलग लिहायचे, सलग म्हणायचे. 'टेक पार्ट इन'मध्ये आर्टिकल नाही, 'प्ले अ पार्ट इन'मध्ये आहे. 'टेक रिस्पॉन्सिबिलिटी फॉर', 'पे अटेन्शन टू', 'हॅव अ‍ॅक्सेस टू'. हे छोटे शब्द जोडीचाच भाग आहेत, नंतर चिकटवायची गोष्ट नाही.

पहिले नाम घेतले 'प्रॉब्लेम'. जोड्या वर्णानुक्रमे न लावता समस्येच्या प्रवासाप्रमाणे लावून पाहिल्या. ती उद्भवते : 'अ प्रॉब्लेम अराइझेस'. कशामुळे तरी निर्माण होते : 'कॉज', 'पोझ'. लोकांना तिला तोंड द्यावे लागते : 'फेस'. चिघळते : 'वर्सन'. कोणी तिच्याकडे लक्ष वेधते : 'हायलाइट'. कोणी तिला हात घालते : 'टॅकल', 'अ‍ॅड्रेस'. शेवटी सुटते : 'सॉल्व्ह', 'रिझॉल्व्ह'. विशेषणांसाठी खाली वेगळी ओळ : 'सीरियस', 'पर्सिस्टंट', 'प्रेसिंग', 'वाइडस्प्रेड'. कारणे, परिणाम आणि उपाय विचारणाऱ्या निबंधाचा क्रमही जवळपास हाच असतो, त्यामुळे एका नामाची ओळ म्हणजे अर्धा आराखडाच हाती येतो. पुढची सगळी नामे याच पद्धतीने घेणार.

१९ जानेवारी

आजचा दिवस 'करणे'साठी. मराठी माणसाच्या इंग्रजीत क्रियापद डळमळते त्याचे मोठे कारण इथे आहे. आपण अभ्यास करतो, प्रयत्न करतो, गुन्हा करतो, प्रगती करतो, तक्रार करतो, संशोधन करतो, प्रवास करतो, नुकसान करतो. एक 'करणे' सगळीकडे पुरते. इंग्रजीत हीच कामे वेगवेगळ्या क्रियापदांत विखुरलेली आहेत : प्रयत्न 'मेक', प्रगती 'मेक', गुन्हा 'कमिट', संशोधन 'कंडक्ट' किंवा 'कॅरी आउट', नुकसान 'कॉज', गृहपाठ 'डू'. 'डू'चा एकच साचा धरून ठेवला तर यातल्या बहुतेक ठिकाणी वाक्य अडखळते.

'देणे' आणि 'घेणे' यांचीही तीच गत. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत ती 'टेक' किंवा 'सिट' करतात. आपण लक्ष देतो, तिथे 'पे अटेन्शन'. महत्त्व देतो, तिथे 'अटॅच इम्पॉर्टन्स टू'. आपण कर्ज काढतो, तिथे 'टेक आउट अ लोन'. निर्णय आपण घेतो, आणि 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश इंग्रजीत चालतेही, पण 'मेक अ डिसिजन' जास्त रुळलेले आणि सगळीकडे चालणारे. वहीत 'मेक'च ठेवले.

यावरून रंगांचा नियम केला. मराठी आणि इंग्रजी क्रियापद जुळत नाही ती ओळ लाल, जुळते ती बिनरंगी. बिनरंगी ओळीही कमी नाहीत, हे पाहून फार बरे वाटले. आपण कायदा मोडतो, तेही 'ब्रेक'च करतात. विक्रम मोडतो, 'ब्रेक'. वचन मोडतो, 'ब्रेक'. वचन पाळतो, 'कीप'. औषध घेतो, 'टेक'. प्रश्न विचारतो, 'आस्क'. जिथे मराठी आपोआप बरोबर नेऊन सोडते तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. सगळी मेहनत लाल ओळींवर.

मातृभाषेची ही ओढ फक्त आपल्याकडची नव्हे. जर्मन मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांवरचा नाद्या नेसलहाउफ यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही दिसले ते हेच की चांगले इंग्रजी येणाऱ्यांच्या क्रियापद-नाम जोड्यांवरसुद्धा मातृभाषेचा ठसा मोठा असतो. म्हणजे व्याकरण पक्के झाले की जोड्या आपोआप पक्क्या होतील, असे धरून चालता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे बसावेच लागते.

२० जानेवारी

लाल ओळी मोठ्याने वाचल्या. नवीन भर नाही.

२४ जानेवारी

या शब्दजोड्यांचा अभ्यास केव्हापासून होतो आहे ते थोडे वाचले. हॅरोल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षक टोकियोत काम करत होते. १९३३ मध्ये त्यांनी इंग्रजी कोलोकेशनवर मोठा अहवाल काढला, तोही शिकणाऱ्यांची अडचण समोर ठेवून. त्यांचे म्हणणे असे की काही शब्दगट तुकड्यातुकड्यांनी न जुळवता एकसंध शिकावेत, जणू तो एकच शब्द आहे. पुढे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो हा विचार मांडला, आणि ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने संगणकात साठवलेल्या प्रचंड मजकुरावरून कोश रचला. तो १९८७ मध्ये आला.

माझ्या तिसऱ्या रकान्याच्या मुळाशी पामर यांचाच विचार आहे. नव्वद वर्षांपूर्वीची सूचना आजही इतकी कामाची आहे याचे मला मनापासून कौतुक वाटते.

२८ जानेवारी

जोडी खरेच रुळलेली आहे का, हे तपासायचे कुठे? कानाला बरी वाटते हा पुरावा पुरेसा नाही. त्यासाठी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संगणकात शोधता येणारा मोठा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, त्यातला साधारण नव्वद टक्के भाग लिखित आणि उरलेला बोललेला. अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' १०० कोटींच्या वर जातो आणि त्यात १९९० ते २०१९ पर्यंतचा मजकूर आहे. नाम टाकायचे, डावीकडचे तीन-चार शब्द पाहायचे, कोणती क्रियापदे आणि विशेषणे पुन्हा पुन्हा येतात ते बघायचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. सापडलेल्या जोड्या क्रमाने लावायच्या पद्धती दोन, आणि त्या वेगळे उत्तर देतात. नुसत्या वारंवारतेने लावले तर 'रेन'जवळ 'हेवी' वर येते. 'म्युच्युअल इन्फर्मेशन' या मापाने लावले तर 'टोरेन्शियल' वर सरकते. कारण सोपे आहे : 'हेवी' पावसाबरोबर येते तसे वाहतुकीबरोबर, तोट्याबरोबर, कामाच्या बोज्याबरोबर, कितीतरी नामांबरोबर येते. 'टोरेन्शियल' पाऊस सोडून क्वचितच कुठे जाते. ते माप निष्ठा मोजते, वापर नाही. आपल्या 'मुसळधार'सारखेच, त्यालाही पावसाशिवाय फारसे कोणी नाही.

परीक्षेसाठी मी दोन्ही ठेवते, पण क्रमाने. आधी जास्त वापरली जाणारी जोडी पक्की, मग निष्ठावान जोडी शोभेपुरती. उलट क्रमाने गेले तर लिखाण नटवलेले दिसते आणि पाया कच्चाच राहतो.

२ फेब्रुवारी

विशेषणे. सुरुवात मराठीपासून केली, आणि मग पान संपेपर्यंत थांबवले नाही. झोप गाढ असते, जंगल घनदाट, धुके दाट, समर्थक कट्टर, गुन्हेगार अट्टल, ऊन रखरखीत, भाऊ सख्खा. गाढ जंगल कोणी म्हणणार नाही, अट्टल समर्थक म्हटले तर कौतुकाची टीका होईल. हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. ऐकून ऐकून, वाचून वाचून बसले आहे. इंग्रजीतही बरोबर अशीच घडी आहे : झोप 'डीप', जंगल 'डेन्स', धुके 'थिक' किंवा 'डेन्स', समर्थक 'स्टॉन्च', गुन्हेगार 'हार्डन्ड'. फरक एवढाच की ती ऐकायला आपल्याला बालपण मिळालेले नाही, म्हणून ठरवून ऐकावे लागते.

दुसरा भाग 'व्हेरी'चा. प्रत्येक विशेषणाआधी 'व्हेरी' लावणे चूक नाही, पण शब्दसंपदेचा निकष तिथे हलत नाही. 'हायली' चालते 'लाइकली', 'इफेक्टिव्ह', 'स्किल्ड' यांच्याबरोबर. 'डीपली' चालते 'कन्सर्न्ड'बरोबर, 'बिटरली' चालते 'डिसअपॉइंटेड'बरोबर, 'फुली' चालते 'अवेअर'बरोबर, 'वाइडली' चालते 'यूज्ड' आणि 'अव्हेलेबल'बरोबर. 'हायली टायर्ड' मात्र नाही. या जोड्यांत थोडी भावनेची वर्गवारी दिसते, खोल काळजी, कडवट निराशा, आणि ती ध्यानात आली की लक्षात ठेवणे सोपे जाते.

९ फेब्रुवारी

लेखनाचा पहिला प्रश्न : आलेख, तक्ते, २० मिनिटे, किमान १५० शब्द. इथला साठा बंदिस्त आहे. आलेख चढतो, उतरतो, स्थिर राहतो किंवा हेलकावे खातो, याहून फार काही करत नाही. त्यामुळे हा विभाग लवकर पुरा होतो, आणि मी तो सगळ्यांना आधी घ्यायला सांगेन.

एकाच गोष्टीची दोन रूपे शेजारी ठेवली. 'रोझ शार्पली' आणि 'अ शार्प राइज'. 'डिक्लाइन्ड स्टेडिली' आणि 'अ स्टेडी डिक्लाइन'. 'फेल स्लाइटली' आणि 'अ स्लाइट फॉल'. दोन्ही रूपे हातात असली की लागोपाठच्या वाक्यांत तोच ढाचा येत नाही. शिवाय 'रीच अ पीक', 'रिमेन स्टेबल', 'अकाउंट फॉर'.

प्रिपोझिशन इथे आकड्यांचा अर्थच बदलतात. 'रोझ बाय' म्हणजे तेवढ्याने वाढले, 'रोझ टू' म्हणजे तिथपर्यंत पोचले. नाम वापरले तर 'अ राइज ऑफ' पुढे आकडा आणि 'अ राइज इन' पुढे विषय. २० वरून ३० झाले तर 'रोझ बाय १०' आणि 'रोझ टू ३०'. इथे घसरले तर माहितीच चुकीची जाते.

'सोअर' आणि 'प्लमेट' वहीत आहेत, पण शेजारी शेरा मारला आहे : बदल खरोखर मोठा असेल तरच. दोन टक्क्यांच्या घटीला 'प्लमेट' म्हटले की शब्द येतो पण जोडी कळत नाही, असा अर्थ निघतो.

१४ फेब्रुवारी

ओळी पुरेशा जमल्या, आता पाठांतराची व्यवस्था. विसरण्याचा वेग हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून मांडला होता. कार्डे खोक्यांच्या कप्प्यांत पुढे-मागे सरकवण्याची पद्धत सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केली. आजची अ‍ॅप त्याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे साधन कोणते हा प्रश्न गौण. कार्डावर काय लिहायचे हा खरा प्रश्न.

कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी जोडी आणि मागे मराठी अर्थ ठेवला तर फक्त ओळखण्याचा सराव होतो. ओळखणे वाचनात उपयोगी. लिहिताना आणि बोलताना आशयाकडून जोडीकडे जावे लागते, म्हणून पुढच्या बाजूला मराठी वाक्यच हवे, तेही अख्खे. उदाहरणार्थ पुढे : 'यावर तातडीने उपाय योजायला हवेत.' मागे : 'टेक अर्जंट मेझर्स टू', आणि त्याखाली माझे वाक्य. सुटा शब्द विचारणारे कार्ड एकही नाही.

दुसरा नियम : एकमेकींना खेटून असलेल्या जोड्या एका बैठकीत घ्यायच्या नाहीत. 'राइज' आणि 'रेझ', 'अफेक्ट' आणि 'हॅव अ‍ॅन इफेक्ट ऑन', 'डू' आणि 'मेक' यांची जुगलबंदी लावली की दोन्हींचा गुंता होतो. आधी एक पक्के होऊ द्यावे, दुसरे काही दिवसांनी.

२० फेब्रुवारी

मैत्रिणीबरोबर बोलण्याचा सराव. दुसऱ्या भागाचा विषय हातात आल्यावर एक मिनिट तयारी आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. ती तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्ये लिहायला लागली. मी म्हटले, 'अगं, वाक्ये नको लिहूस. चार जोड्या लिही, बाकीचे आपोआप येईल.' विषय होता शिकलेले एखादे कौशल्य. तिने कागदावर लिहिले : 'टेक अप', 'मेक प्रोग्रेस', 'गेट द हँग ऑफ', 'सेन्स ऑफ अचीव्हमेंट'. बोलताना ती दर जोडीपाशी आली की पुढचे अर्धे वाक्य तयारच असल्यासारखे निघत होते, थांबे कमी झाले. जोडी अख्खी पाठ असण्याचा बोलण्यातला फायदा हाच. शब्द एकेक शोधावा लागत नाही, आणि ओघ हा तर स्वतंत्र निकष आहे.

मग ती म्हणाली, 'हे चारही बोलण्यातले वाटतात. निबंधात चालतील?' पाचवा रकाना त्यासाठीच. 'गेट द हँग ऑफ' निबंधात नाही, तिथे 'मास्टर अ स्किल'. 'अ‍ॅडव्हर्स इफेक्ट्स' बोलताना पुस्तकी लागते, तिथे 'बॅड फॉर' बिनधास्त म्हणावे. 'मेक प्रोग्रेस' दोन्हीकडे चालते. अशा दोन्हीकडे चालणाऱ्या जोड्यांना मी तारा दिला आहे. वेळ कमी असेल त्याने आधी ताऱ्याच्या ओळी कराव्यात.

२५ फेब्रुवारी

केंब्रिजच्या बी टू फर्स्ट आणि सी वन अ‍ॅडव्हान्स्ड या परीक्षांत वाचन आणि भाषावापराच्या पेपराचा पहिला भाग चाचणीसाठी उत्तम सापडला. एक उतारा, आठ रिकाम्या जागा, प्रत्येकीला चार पर्याय. चारही पर्याय अर्थाने जवळचे असतात, त्यामुळे बऱ्याचदा निकाल जोडीवरच लागतो. आयईएलटीएस देणाऱ्यानेही हा भाग सोडवावा असे माझे ठाम मत आहे.

त्याच धर्तीवर स्वतः प्रश्न तयार केले. 'पब्लिक अवेअरनेस' वाढवायची : 'लिफ्ट', 'रेझ', 'ग्रो', 'हाइटन'? 'रेझ' हे रुळलेले. निष्कर्ष काढायचा : 'पुल', 'ड्रॉ', 'टेक', 'ड्रॅग'? 'ड्रॉ'. धोका पत्करायचा : 'रन', 'वॉक', 'गो', 'कॅच'? 'रन अ रिस्क'. चुकीचे पर्याय शोधताना जोडीची हद्द कुठे संपते हे फार स्पष्ट दिसते. सोडवण्यापेक्षा रचण्यातून जास्त शिकायला मिळते.

१ मार्च

वहीत काय नको, हे आज ठरवले. प्रत्येक निबंधाच्या सुरुवातीला बसणारी वाक्ये, नाण्याला दोन बाजू असतात छापाची, सगळी बाहेर. ती कोणत्याही विषयाला लागू पडतात म्हणजे कोणत्याही विषयाबद्दल काही सांगत नाहीत. रट्टा मारलेला मजकूर परीक्षकांना ओळखू येतो आणि त्याने गुण चढत नाहीत. जोडी आणि साचेबंद वाक्य यांतला फरक असा : जोडी माझ्या विचारात बसते, साचेबंद वाक्याला माझा विचार लागतच नाही.

त्या जागी विषयवार नामे. पर्यावरण : 'रिड्यूस कार्बन एमिशन्स', 'टॅकल क्लायमेट चेंज', 'डिस्पोज ऑफ वेस्ट'. शिक्षण : 'अ‍ॅक्वायर नॉलेज', 'ड्रॉप आउट ऑफ स्कूल', 'मीट द नीड्स ऑफ'. ज्ञान शिकत नाहीत, मिळवतात, हे मराठीतही तसेच आहे, तरी 'लर्न नॉलेज' ही जोडी पुष्कळ लिखाणांत दिसते, म्हणून ही ओळ जाड अक्षरांत.

५ मार्च

काम आणि आरोग्य हे विषय पूर्ण केले. 'वर्क'च्या ओळीत भर म्हणून 'मीट अ डेडलाइन', 'अर्न अ लिव्हिंग', 'हेवी वर्कलोड'.

८ मार्च

आजचे नाम 'एव्हिडन्स'. युक्तिवादाच्या निबंधात याच्यावाचून भागत नाही, म्हणून सावकाश घेतले.

पहिली अट : हे नाम मोजता येत नाही, 'अ‍ॅन एव्हिडन्स' नाही आणि अनेकवचनही नाही. एखादा पुरावा म्हणायचा तर 'अ पीस ऑफ एव्हिडन्स'. पुरावा गोळा करायचा : 'गॅदर', 'कलेक्ट'. पुरवायचा : 'प्रोव्हाइड'. पुरावा सापडला : 'फाइंड'. आपल्याकडे पुरावा देतात, म्हणून 'गिव्ह'कडे हात जातो. साक्षीदार न्यायालयात 'गिव्ह एव्हिडन्स' म्हणजे साक्ष देतो, निबंधात मुद्द्याला आधार द्यायचा तर 'प्रोव्हाइड'. ओळ लाल.

विशेषणे ताकदीच्या चढत्या क्रमाने : 'स्कँट', 'लिमिटेड', 'क्लिअर', 'स्ट्राँग', 'कम्पेलिंग', 'कन्क्लुझिव्ह'. शेवटचे जपून, कारण ते वापरले की पुढे शंकेला जागा उरत नाही. प्रिपोझिशन 'ऑफ' किंवा 'फॉर', नाहीतर 'दॅट' लावून वाक्य. निबंधात सर्वांत कामी येणारा सांगाडा : 'देअर इज ग्रोइंग एव्हिडन्स दॅट'. त्यावर तीन वाक्ये केली, एक झोपेवर, एक वाचनावर, एक हवेच्या प्रदूषणावर. तिन्ही चौथ्या रकान्यात.

कार्डे केली. उद्या 'रोल'.